प्रमाण भाषेऐवजी बोली शिकताना: तयारी, टप्पे आणि नेहमी होणाऱ्या चुका

पाठ्यपुस्तकातली भाषा बऱ्यापैकी येते, पण माणसे आपापसांत बोलू लागली की काहीच कळत नाही, असा अनुभव आलेले अनेकजण बोली शिकायचे ठरवतात आणि पहिल्याच पावलावर चुकतात. ते बोलीतले ठसकेबाज शब्द गोळा करतात, त्यांची यादी पाठ करतात आणि ते शब्द प्रमाण भाषेच्या वाक्यांत बसवून बोलू लागतात. ऐकणाऱ्याला ती नक्कल वाटते आणि तो मुकाट्याने प्रमाण भाषेत उत्तर देतो. मग शिकणाऱ्याचा समज होतो की शब्द कमी पडले, आणि तो यादी आणखी वाढवतो.

बोलीचे बोलीपण अशा खास शब्दांत फार थोडे असते. ते सर्वनामांत, प्रत्ययांत, नकारात, प्रश्नार्थक शब्दांत आणि क्रियापदाच्या रूपांत भरलेले असते. म्हणजे दर वाक्यात येणाऱ्या, पण कोणाच्याही लक्षात न राहणाऱ्या जागांत. खालचा क्रम त्याच जागा आधी हाती लागाव्यात अशा बेताने लावला आहे, आणि तो उलटा केला तर मेहनत तेवढीच होऊनही बोली येत नाही.

## तयारी

### १. बोली नेमकी ठरवावी

‘अरबी बोली शिकायची आहे’ हे उद्दिष्ट होऊ शकत नाही. ‘मला हवे आहे’ एवढेच म्हणायला लिखित प्रमाण अरबीत ‘उरीदु’, कैरोत ‘आयिझ’, दमास्कस-बैरूतकडे ‘बिद्दी’ आणि मोरोक्कोत ‘ब्घीत’ म्हणतात. ‘आत्ता’ या अर्थी याच क्रमाने ‘अल-आन’, ‘दिलवअ्ती’, ‘हल्लअ’ आणि ‘दाबा’ असे चार वेगळे शब्द येतात. एक ॲप कैरोचे, एक मालिका बैरूतची आणि एक मित्र मोरोक्कोचा अशा मिश्रणातून शिकणाऱ्याच्या तोंडी जी भाषा बसते, ती कोणत्याही गावात कोणीही बोलत नाही.

ठिकाणाबरोबर पिढीही ठरवावी लागते. विशीतल्या आणि सत्तरीतल्या माणसाची बोली एकाच घरात वेगळी असू शकते, आणि छापील किंवा ध्वनिमुद्रित साहित्य बहुधा जुन्या पिढीचे असते. ब्रिटिश काळातले भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयीचा सातवा खंड १९०५ सालचा आहे. त्यात आणि सर्वेक्षणाच्या इतर खंडांत एकच कथा वेगवेगळ्या बोलींत दिली असल्यामुळे तुलनेसाठी तो आजही उपयोगी पडतो, पण त्यातली वाक्ये आजच्या माणसाशी बोलताना तशीच वापरू नयेत.

तपासणी: ‘मला अमुक ठिकाणची, अमुक वयाच्या माणसांची बोली, अमुक कामासाठी शिकायची आहे’ हे वाक्य रिकाम्या जागा भरून लिहिता येत नसेल, तर पुढच्या पायरीकडे जाऊ नये.

### २. प्रमाण भाषा किती घ्यायची, हे आधीच ठरवावे

भाषा पूर्णपणे नवी असेल तर प्रमाण भाषेला अजिबात हात न लावण्याचा आग्रह धरू नये. लिपी वाचता यावी, शब्दकोश उघडता यावा आणि पाट्या, अर्ज, सूचना समजाव्यात, एवढी प्रमाण भाषा लागतेच, कारण लेखी व्यवहार सहसा तिच्यातच चालतो. मात्र ‘आधी प्रमाण भाषा पक्की, मग बोली’ हा सल्ला मला पटत नाही. पक्की होण्याची वेळ कधी येत नाही, आणि तोपर्यंत जिभेला लागलेली वळणे मोडायला दुप्पट कष्ट पडतात.

भाषा आधीपासून येत असेल आणि तिचीच बोली शिकायची असेल, तर धोका वेगळा आहे. ऐकलेले सगळे कळते, म्हणून आपल्याला बोली येते असे वाटू लागते. कळणे आणि बोलता येणे यांतले अंतर अशा वेळी सर्वांत जास्त फसवे असते.

### ३. बोलणारी माणसे शोधावीत

एका माणसावर अवलंबून राहू नये. त्याच्या वैयक्तिक सवयी आणि बोलीची वैशिष्ट्ये यांतला फरक शिकणाऱ्याला कळत नाही. त्याच ठिकाणची, शक्यतो दोन पिढ्यांतली, दोन माणसे असावीत आणि ती एकमेकांशी बोलत असताना ऐकायला मिळाली तर फारच उत्तम, कारण तुमच्याशी बोलताना ती कळत-नकळत भाषा सोपी करतात, एकमेकांशी बोलताना करत नाहीत. त्याच भाषेचे शिक्षक या कामी सहसा अवघड जातात, कारण दुरुस्त करण्याची सवय त्यांना सोडवत नाही.

रेकॉर्डिंग करायचे असेल तर ते कशासाठी, कोण ऐकणार आणि सांगितल्यास पुसून टाकणार का, हे आधी सांगून परवानगी घ्यावी. लपवून केलेले रेकॉर्डिंग हा विश्वासघात आहे आणि त्यातून शिकलेली बोली त्या माणसासमोर बोलण्याचा अधिकार उरत नाही, असे मी मानतो.

सावधान: ‘शुद्ध’, ‘अशुद्ध’ आणि ‘गावंढळ’ हे शब्द या कामात तोंडातून जाऊ देऊ नयेत. शाळेत बोलीवरून टोमणे ऐकलेला माणूस हे शब्द ऐकताच पुन्हा प्रमाण भाषेत शिरतो आणि मग बाहेर येत नाही.

### ४. लिहून घेण्याची एक पद्धत ठरवावी

देवनागरी या कामाला चांगली आहे, कारण महाप्राण (ख, घ, थ यांसारखे) आणि मूर्धन्य (ट, ड, ण यांसारखे) ध्वनी तिच्यात वेगळे लिहिता येतात. परंतु तिच्यात काही फटी आहेत. शब्दाच्या शेवटचा ‘अ’ उच्चारला जातो की नाही हे दिसत नाही, ‘चमचा’तला च आणि ‘चार’मधला च एकाच अक्षराने लिहिले जातात, ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ वेगळे दाखवता येत नाहीत. म्हणून न उच्चारलेल्या ‘अ’साठी पाय मोडावा, दोन प्रकारच्या च-ज-झसाठी नुक्ता (अक्षराखालचे टिंब) वापरावा, ऱ्हस्व ए-ओवर एक खूण करावी आणि या खुणांची किल्ली वहीच्या पहिल्या पानावर लिहावी. किल्ली मध्येच बदलली तर जुनी पाने निरुपयोगी होतात.

प्रमाण लेखनाप्रमाणे लिहिण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. कानाला जे आले तेच कागदावर यायला हवे, मग ते दिसायला कितीही विचित्र असो.

## शिकण्याचे टप्पे

### ५. पहिले दोन आठवडे फक्त कान

सुमारे वीस मिनिटांचे नैसर्गिक संभाषण घ्यावे आणि त्याचे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तुकडे करावेत. ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रणालीत आवाजाची पट्टी न बदलता वेग कमी करता येतो. मात्र पाऊणपटीपेक्षा खाली जाऊ नये, कारण बोलीत शब्द एकमेकांना जिथे चिकटतात, तो सांधाच अतिसंथ वेगात विरून जातो.

प्रत्येक तुकडा आधी तीन वेळा काहीही न लिहिता ऐकावा. मग एकेक वाक्य लिहावे, न कळलेल्या जागी कोरी रेघ ओढावी आणि शेवटी ती जागा बोलणाऱ्याकडूनच भरून घ्यावी. कोऱ्या रेघेवर अंदाज लिहू नये. एकदा लिहिलेला अंदाज पुढच्या वेळी ऐकूही येऊ लागतो.

एक वाक्य जवळून पाहू. ‘मी काल बर्नमध्ये होतो’ याला पाठ्यपुस्तकातल्या जर्मनमध्ये ‘इख बिन गेस्टर्न इन बेर्न गेवेझन’ असे म्हणता येईल. झ्युरिकचा, म्हणजे स्विस जर्मन बोलणारा, माणूस साधारण ‘इख बी गेश्तर त्स्बेर्न क्सी’ म्हणतो. घाईने ऐकणारा एवढेच टिपतो की ‘उच्चार जरा वेगळा आहे’. वहीत दोन्ही वाक्ये एकाखाली एक लिहिली की चार वेगळ्या गोष्टी दिसतात. ‘बिन’मधला न गेला. ‘स्ट’चा ‘श्त’ झाला. ‘इन’ या शब्दाची जागा ‘त्स’ने घेतली आणि तो गावाच्या नावाला चिकटला. ‘गेवेझन’ या लांबलचक रूपाचे एकाक्षरी ‘क्सी’ झाले. पाचवी गोष्ट वाक्यात नाही, पण तीच सर्वांत महत्त्वाची आहे: पाठ्यपुस्तकात याच अर्थी अधिक वापरला जाणारा ‘इख वार’ हा साधा भूतकाळ स्विस जर्मनमध्ये नाहीच. जो काळ बोलीत नाही त्याचे उच्चार कितीही सुधारले तरी उपयोग होत नाही.

तपासणी: नवा, पूर्वी न ऐकलेला अर्ध्या मिनिटाचा तुकडा लिहिताना शब्दांच्या सीमा बहुतांशी बरोबर पडत असतील, तरच सहावा टप्पा सुरू करावा. अर्थ सगळा कळला नसला तरी चालेल.

### ६. प्रश्न सरळ विचारू नयेत

सर्वांत जास्त नुकसान या टप्प्यावर होते, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल.

मी स्वतः ही चूक केली आहे. वऱ्हाडी बोलणाऱ्या एका आजींसमोर वही उघडून मी विचारले, “‘मला’ याला तुम्ही काय म्हणता?” त्या म्हणाल्या, “मलाच म्हणतो, अजून काय म्हणणार?” मी ते लिहूनही घेतले. पाच मिनिटांनी नातू पाण्याचा पेला घेऊन आला, तेव्हा माझ्याकडे बोट दाखवून त्या सहज म्हणाल्या, “मले नको, त्याले दे.” आजी खोटे बोलल्या नव्हत्या. वही, पेन आणि अनोळखी माणूस समोर असताना त्यांच्या मनाने शाळेतली भाषा पुढे केली, आणि माझ्या प्रश्नातच ‘मला’ हे रूप असल्यामुळे उत्तरही तयार मिळाले.

भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबोव्ह यांनी हा पेच नेमका मांडला आहे: माणसे कोणी पाहत नसताना कशी बोलतात हे जाणून घ्यायचे असते, पण ते पाहूनच जाणून घ्यावे लागते. त्यांनी वापरलेला एक उपाय शिकणाऱ्यालाही करता येतो. माणसाला जिवावर बेतलेला प्रसंग सांगायला लावावा. गोष्ट रंगात आली की तो आपल्या भाषेकडे लक्ष देणे सोडतो. असा जीवघेणा विषय काढणे बरे वाटत नसेल, तर लहानपणचे खेळ, भावंडांची भांडणे किंवा पहिली नोकरी हे विषय चालतात.

शब्दच विचारायचा असेल तर तो प्रश्नात येऊ देऊ नये. इंग्लंडमध्ये हॅरल्ड ऑर्टन यांच्या पुढाकाराने १९५० ते १९६१ या काळात ३१३ ठिकाणी बोलींचे सर्वेक्षण झाले, त्यात वस्तू दाखवून किंवा वर्णन करून ‘याला काय म्हणता?’ असे विचारण्यावर भर होता. शिकणाऱ्याने हेच करावे. वस्तूकडे बोट दाखवावे, कृती करून दाखवावी किंवा वाक्य अर्धवट सोडून पुढचे त्यांना पूर्ण करू द्यावे.

सावधान: ‘तुम्ही असे म्हणता का?’ हा प्रश्न कधीच विचारू नये. सज्जन माणूस पाहुण्याला दुखवायचे नाही म्हणून ‘हो’ म्हणतो.

### ७. छोट्या शब्दांचा तक्ता भरावा

आता वहीत एक तक्ता करावा. त्यात मी, तू, तो-ती, आम्ही, मला, माझा, हा, तो, काय, कोण, कुठे, कधी, का, कसा, आहे, नाही, नको, आणि, पण, मग, इथे, तिथे, आत्ता एवढ्या जागा असाव्यात. पाचव्या आणि सहाव्या टप्प्यात जमलेल्या वाक्यांतूनच हा तक्ता भरावा. शब्दकोशातून भरू नये. एखादी जागा रिकामी राहिली तर त्या जागेसाठी मुद्दाम प्रसंग घडवून आणावा.

या तक्त्यातली प्रत्येक जागा शेकडो वाक्ये उघडते. वऱ्हाडीतले ‘मले’ हे एक रूप कळले की त्यातला ‘-ले’ सुटा करता येतो आणि ‘घराले’, ‘पोराले’, ‘गावाले’ आपोआप हाती येतात. मालवणीत हेच काम ‘माका’मधला प्रत्यय करतो: ‘घराक’, ‘बाजाराक’. चार दुर्मीळ शब्द पाठ करण्यापेक्षा असा एक प्रत्यय तोंडी बसवणे कितीतरी मोलाचे आहे, आणि तरीही बहुतेक शिकणारे याला कंटाळवाणे समजून पुढे जातात.

शब्दांच्या जागेकडेही लक्ष द्यावे. कैरोच्या अरबीत ‘कुठे’ हा शब्द बहुधा वाक्याच्या शेवटी येतो: ‘इन्त रायेह फेन?’ म्हणजे ‘तू कुठे चालला आहेस?’ प्रमाण अरबीच्या सवयीने तो पुढे आणला, तर शब्द कैरोचे असूनही वाक्य पुस्तकी ऐकू येते.

### ८. क्रियापदे: पाच पुरेत, पण पूर्ण

येणे, जाणे, करणे, असणे आणि म्हणणे ही पाच क्रियापदे घेऊन त्यांची सर्व पुरुषांतली, वचनांतली आणि काळांतली रूपे बोललेल्या वाक्यांतून जमवावीत. पन्नास क्रियापदांचे एकेक रूप माहीत असण्यापेक्षा पाचांचा पूर्ण ताबा असणे बरे, कारण उरलेली बहुतेक याच साच्यांवर चालतात.

येथे दोन गोष्टी खास तपासाव्यात. पहिली, चालू असलेली क्रिया बोली कशी दाखवते. प्रमाण मराठीत ‘तो येत आहे’, तर वऱ्हाडीकडे ‘तो येऊन राहिला’. प्रमाण मराठीच्या कानाला हे झालेले काम वाटू शकते, प्रत्यक्षात ते चालू आहे. दुसरी, नकार. प्रमाण अरबीत ‘तो लिहितो’ याला ‘यक्तुबु’. कैरोत ‘बियिक्तिब’, आणि नकार करताना क्रियापदाला दोन्ही बाजूंनी कुंपण पडते: ‘मा-ब्यिक्तिब्श’. शेवटचा ‘श’ ऐकायचा राहिला तर कान अर्धाच नकार पकडतो.

तपासणी: काल काय केले, आज काय करत आहे आणि उद्या काय करणार, हे वही न पाहता तीन मिनिटे सांगून स्वतःचे रेकॉर्डिंग करावे. जिथे प्रमाण भाषेचे रूप निसटले, तिथे खूण करावी.

### ९. ध्वनिबदलाचे नियम जपून वापरावेत

वहीतल्या जोड्या पाहू लागले की नियम दिसू लागतात. वऱ्हाडीच्या अनेक भागांत ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘काळा’चा ‘काया’ होतो, म्हणजे ळच्या जागी य येतो. कैरोत प्रमाण अरबीतला ‘क़’ सहसा कंठातल्या झटक्यात बदलतो आणि ‘ज’चा ‘ग’ होतो. असे नियम ऐकलेले ओळखायला फार उपयोगी पडतात.

बोलताना मात्र ते आंधळेपणाने लावू नयेत. कैरोचा माणूस ‘कुर्आन’ आणि ‘काहिरा’ या शब्दांतला मूळ ‘क़’ तसाच ठेवतो. धर्म, कायदा, शिक्षण आणि प्रशासन यांतले शब्द बोलीत प्रमाण उच्चारासह येणे सर्रास घडते. नियम लावून बनवलेला शब्द प्रत्यक्ष कानांनी ऐकला नसेल, तर वहीत त्यापुढे प्रश्नचिन्ह करावे आणि ते निघेपर्यंत तो तोंडातून काढू नये.

### १०. शब्दसंग्रह आता

आधी ज्याच्यापासून सुरुवात करू नये असे म्हटले, त्याची वेळ आता आली. रोजच्या कामाचे शब्द विषयवार घ्यावेत आणि प्रत्येक शब्द ऐकलेल्या पूर्ण वाक्यासह लिहावा. शिव्या, थट्टेचे शब्द आणि तरुणांची बोलभाषा समजण्यापुरती ठेवावी. ती वापरण्याचा अधिकार ओळखीतून मिळतो.

एकच शब्द दुसऱ्या ठिकाणी अवघड अर्थाचा असू शकतो, हेही तपासावे. स्पेनमध्ये बस पकडण्यासाठी रोज वापरले जाणारे ‘कोखेर’ हे क्रियापद मेक्सिको आणि अर्जेंटिनात अश्लील आहे.

### ११. बोलायला लागताना

पहिल्या दिवशी पूर्ण संभाषणाचा हट्ट धरू नये. होकार, नकार, ‘मग काय झाले?’, ‘कुठे?’ अशी एक-दोन शब्दांची उत्तरे आणि प्रश्न बोलीत द्यावेत आणि बाकी ऐकावे. समोरचा प्रमाण भाषेकडे वळला तर त्याला अडवू नये. आपण बोलीतच, पण संथपणे चालू ठेवावे. तरीही तो परत आला नाही, तर ‘मला तुमच्यासारखे बोलायला शिकायचे आहे, चुकलो तर सांगा’ असे एकदाच, साध्या शब्दांत सांगावे. हेल आणि लकब यांची मुद्दाम नक्कल करू नये. त्या हळूहळू येतात, आणि आधी आणल्या तर चेष्टा वाटतात.

आदराची व्यवस्था प्रमाण भाषेसारखीच असेल असे गृहीत धरू नये. अर्जेंटिनात जवळच्या माणसाला पुस्तकातल्या ‘तू तिएनेस’ऐवजी ‘वोस तेनेस’ म्हणतात, तर कोलंबियाच्या काही भागांत पुस्तकात आदरार्थी म्हणून शिकवलेले ‘उस्तेद’ घरच्या माणसांतही चालते. कोण कोणाला काय म्हणतो, हे तक्त्यात नावांऐवजी नात्यांनी लिहावे: नातवंड आजोबांना, सून सासूला, दुकानदार गिऱ्हाइकाला. मग आपण कोणत्या नात्यात बसतो ते पाहून तेच रूप घ्यावे. वडीलधाऱ्या माणसाशी शंका असेल तर अधिक आदराचे रूप वापरावे.

सावधान: अर्ज, परीक्षा, मुलाखत किंवा अनोळखी अधिकाऱ्याशी बोलणे अशा ठिकाणी त्या ठिकाणचे लोक स्वतः कोणती भाषा वापरतात ते पाहावे. बोली बोलणारे बहुतेक लोक दिवसभरात अनेकदा भाषा बदलतात, आणि कुठे बदलतात हे कळणे बोली शिकण्याचाच भाग आहे.

### १२. महिन्याची तपासणी

दर महिन्याला तीच गोष्ट, उदाहरणार्थ लहानपणचा एखादा प्रसंग, पाच मिनिटे सांगून रेकॉर्ड करावी. ती बोलणाऱ्या दोघांपैकी एकाला ऐकवावी आणि ‘कसे वाटले?’ असे न विचारता, ‘जिथे खटकेल तिथे हात वर करा’ असे सांगावे. कारण विचारू नये. कारणे सांगताना माणूस व्याकरण आठवू लागतो. हात वर झाला तो क्षण लिहून ठेवावा, ते वाक्य त्यांच्याकडून पुन्हा म्हणवून घ्यावे आणि दोन्ही वाक्ये वहीत एकाखाली एक लिहावीत. पुढच्या महिन्यात त्याच जागी पुन्हा हात वर झाला, तर त्या रूपासाठी सातव्या किंवा आठव्या टप्प्यावर परत जावे. सलग दोन महिने झाला नाही, तर ती नोंद खोडून पुढची घ्यावी.